उतारवयातील फटफटी

ह्या सदरात आजवर पाण्याच्या टाकीपासून म्हाताऱ्या माणसांच्या पलंगाच्या उंचीपर्यंत पुष्कळ घरगुती विषय येऊन गेले. परंतु ह्या महिन्याचा विषय पाहून कित्येक वडीलधाऱ्या वाचकांस हसू येईल आणि त्यांच्या सुनांस धास्ती वाटेल, ह्याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. साठी उलटलेल्या गृहस्थाने फटफटीवरून लांबचा प्रवास करावा काय, आणि करावयाचाच तर ते वाहन त्याच्या देहाला सोसेल असे कसे करून घ्यावे, हा तो विषय होय. तो आम्ही हौसेने निवडलेला नाही. त्याच्या मुळाशी आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती प्रथम सांगून टाकणे बरे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातील गोष्ट. सेलूस एका आप्तांच्या घरची वास्तुशांत आटोपून आम्ही उभयता फटफटीवरून वर्ध्यास परतत होतो. पवनारच्या अलीकडे रस्त्यावर गुरांचा कळप आडवा आला, म्हणून गाडी कडेला घेऊन उभी केली आणि नेहमीच्या सवयीने डावा पाय खाली टाकला. कडेचा मुरूम उतरता होता. जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली लागली. मागे सौभाग्यवती डाव्या अंगाला पाय सोडून बसलेल्या. पायाखालचे खडे सरकले, गुडघ्याने दगा दिला, आणि जवळजवळ दोनशे किलो वजनाचे ते धूड अगदी सावकाश आम्हां दोघांस घेऊन आडवे झाले. वेग शून्य होता. मागून वा पुढून कोणी धडक दिली नव्हती. शेतातून परतणाऱ्या दोन तरुणांनी आम्हांस उठविले, गाडी उभी करून दिली, आणि 'काका, सांभाळून' एवढे बोलून ते आपल्या वाटेने गेले.

घरी आल्यावर आम्ही जे केले त्याची लाज मात्र अधिक वाटते. सौभाग्यवतींचे मनगट सुजले होते. दाराशी येता येता दोघांचे संगनमत झाले, आणि त्या न्हाणीघरात घसरल्या असे सर्वांस सांगण्यात आले. क्ष-किरणांच्या चित्रात हाड चिरलेले निघाले. पाच आठवडे हात प्लास्टरात राहिला, त्यांच्या वाट्याच्या पोळ्या सूनबाईंनी लाटल्या, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून त्या खाल्ल्या. चौथ्या आठवड्यात पुतण्याने गाडी पुसावयास घेतली. डाव्या बाजूचा आरसा वाकलेला, क्लचच्या दांडीचे टोक घासलेले, डाव्या फूटरेस्टच्या रबरात मुरूम रुतलेला. त्याने आम्हांस काही विचारले नाही. तो सरळ आपल्या काकूंकडे गेला आणि त्यांच्या हाताकडे पाहत उभा राहिला. तेवढ्याने सारे उघड झाले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात जे बोलणे झाले ते अनेक घरांत होत असेल, म्हणून थोडक्यात देतो. चिरंजीवांचे म्हणणे, किल्ली आजच द्यावी. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, दाराशी मोटार आहे, एस.टी. आहे, आता ही हौस पुरे." आमचे कुलदैवत माहूरची रेणुका. लग्न झाल्यापासून दर माघात आम्ही उभयता फटफटीवरून माहुरास जात आलो, चुकली ती दोनच वर्षे. मोटार आहे हे खरे. पण तिच्यातून जावयाचे तर कोणाची तरी सुटी लागते, कोणाचे तरी काम मोडते, आणि मग 'आईबाबांना माहूरला न्यायचे आहे' हे घरातील एक काम होऊन बसते. आपल्या पायांनी जाणारा माणूस आणि नेला जाणारा माणूस ह्यांतील अंतर तरुणांस सहसा उमगत नाही. हे सारे आम्ही त्या रात्री पुष्कळ मोठ्या आवाजात बोललो, आणि ते बोलणे आज आठवले की बरे वाटत नाही.

शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "किल्ली माझ्याजवळ द्या." त्यांनी ती आपल्या जुडग्यात ओवली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "उभी गाडी पाडणाऱ्या माणसाच्या मागे मी बसायची नाही. तुमचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, आणि मला कोणाचा हात न धरता चढता-उतरता आले पाहिजे. मग बघू."

पुढे वर्षभर आम्ही ह्या विषयावर जे वाचले, जे मिस्त्र्यांकडून ऐकले आणि जे स्वतःच्या देहावर करून पाहिले, त्याचे सार ह्या दोन अटींत आधीच आलेले होते. लोक 'आराम' म्हटले की मऊ गादी समजतात. उतारवयात वाहनाचा पहिला आराम म्हणजे थांबल्यावर जमीन पायाखाली असणे. बाकीचे सारे त्यानंतर.

कायदा ह्या बाबतीत वयाच्या आड येत नाही, हेही येथेच सांगून ठेवू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या माणसास वाहन चालविण्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांपुरता मिळतो, आणि चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र अनेकजण तोंडदेखले आणतात. आम्हीही तसेच आणले होते.

दुसऱ्या रविवारी पुतण्याने शिंप्याची टेप आणली. भिंतीला टाच लावून आम्हांस उभे केले, जांघेत पुस्तक धरावयास लावले आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंतचे माप घेतले. ते भरले ७४ सेंटिमीटर. गाडीची बैठक जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या वर. म्हणजे इतकी वर्षे आम्ही प्रत्येक चौकात एका पायाच्या चवड्यावर उभे राहत होतो आणि ते आमच्या ध्यानातही आले नव्हते! पंचविशीत चवडा दोनशे किलो तोलून धरतो. पासष्टीत घोट्यातील आणि मांडीतील बळ ओसरते, तोल सावरण्याची चपळाई मंदावते, आणि तोच चवडा एके दिवशी मुरमावर सरकतो. चूक वयाची होती तशी मापाचीही होती.

वाचकांनी आपले माप घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माहितीपत्रकात छापलेला बैठकीच्या उंचीचा आकडा एकटा फसवा असतो. जांघेपाशी बैठक रुंद असेल तर पाय फाकतात आणि तितकी उंची वाया जाते. उलट तीच बैठक पुढच्या अंगाला निमुळती केली तर उंची तितकीच राहूनही पाय सरळ खाली जातो. दोन-अडीच सेंटिमीटरांचा फरक एवढ्याने पडू शकतो.

नवीनच वाहन घ्यावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बुलेटच्या घराण्यातील क्लासिक ३५० ची बैठक सुमारे ८०५ मिलिमीटर, तर त्याच कारखान्याच्या मिटिऑरची ७६५. बजाजच्या ॲव्हेंजरची ७३७. बजाजचे नाव निघाले म्हणून वर्धेकरांच्या अभिमानाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा कारखाना १९४५ साली 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ह्या नावाने उभा राहिला; ते बछराज म्हणजे आमच्या वर्ध्याचे शेठ, ज्यांच्या घरी जमनालालजी नातू म्हणून दत्तक आले. १९३६ साली गांधीजी ह्याच वर्ध्याहून शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, पायी चालत गेले. आणि ज्यांनी त्यांस येथे आणले त्यांच्या घराण्याने पुढे अर्ध्या हिंदुस्थानास दुचाकीवर बसविले. असो.

ॲव्हेंजरसारख्या ठेंगण्या गाडीत पाय पुढे पसरून बसावयाचे असते. जमीन उत्तम सापडते, गुडघा उघडा राहतो. पण पाय पुढे गेल्यामुळे देहाचा सारा भार माकडहाडावर येतो, आणि खड्डा आला असता पायांवर जोर देऊन अंग किंचित उचलावे म्हटले तर उचलता येत नाही. तो धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांना ही बैठक वरदान. ज्यांची कंबर गेली आहे त्यांनी तासभर चालवून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. पाय खाली आणि किंचित मागे ठेवणाऱ्या गाडीत ह्याच्या नेमके उलट. स्कूटरवर पाय टाकून चढावे लागत नाही, वजनही पुष्कळ कमी; परंतु तिची चाके लहान, आणि लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते. गावातल्या गावात तिच्यासारखे दुसरे वाहन नाही. यवतमाळच्या पुढे ती आम्हांस सोसली नाही.

जुन्या गाडीची सवय हाही एक धोका आहे. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. आता सर्वत्र उलट आहे. चाळीस वर्षे उजव्या पायाने गियर टाकलेला माणूस घाईच्या क्षणी ब्रेक म्हणून कोणता पाय दाबील, ह्याचा भरवसा त्यालाही नसतो. अशाने नव्या गाडीवर निदान महिनाभर मोकळ्या मैदानात फिरावे. किकचेही तसेच. सेल्फस्टार्ट ही तरुणांची चैन आहे असे आम्ही पूर्वी म्हणत असू. गुडघेदुखी सुरू झाल्यावर ते मत आपोआप बदलले.

आम्ही मात्र आपली गाडी विकली नाही, तीच दुरुस्त करून घेण्याचे ठरविले. पहिले काम बैठकीचे, आणि त्यात आम्ही दोनदा फसलो. प्रथम सीटवाल्याकडे जाऊन 'दोन इंच उतरवून खूप मऊ करून दे' असे सांगितले. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. पाय सुरेख टेकले. पण फोम कापल्यामुळे बैठक आणि फूटरेस्ट ह्यांतील अंतर घटले, गुडघा पूर्वीपेक्षा अधिक दुमडू लागला, आणि देवळीपर्यंत जाऊन येताच तो ठणकू लागला. शिवाय मऊ फोम अर्ध्या तासात दबून बसतो आणि मग आपण खालच्या पत्र्यावरच बसतो. दुकानात दोन मिनिटे बसून जी बैठक सुखाची वाटते ती चाळीस किलोमीटरांवर शत्रू होते, हा धडा पैसे देऊन मिळाला. मग कोणाच्या सांगण्यावरून एक लिबलिबीत जेलची गादी मागविली. थंडीत ती बरी होती. फाल्गुनात एकदा उन्हात गाडी उभी करून अर्ध्या तासाने बसावयास गेलो तो काय, तापलेल्या तव्यावर बसल्याचा अनुभव आला! वर्ध्यात वैशाखाचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो हे विसरून घेतलेली ती वस्तू आता देवघरात आमच्या मातोश्रींच्या पाटावर असते.

तिसऱ्या खेपेस रीत सापडली. खाली घट्ट फोम, वर बोटभर जाडीचा मऊ थर. बसण्याची दोन हाडे जेथे टेकतात तेथे बैठक रुंद, आणि पुढे जांघेपाशी दोन्ही बाजूंनी चांगली छाटून निमुळती. उंची एकच इंच उतरविली. बैठकीचा उतार टाकीकडे होता, तो काढून सपाट केला, नाहीतर प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे घसरतो आणि तो भार मनगटांवर येतो. वरचे रेक्झिन खरखरीत निवडले. मोजून बूट घेतले, जाड तळाचे. त्यांनी अर्धा इंच भरून काढला. मागच्या शॉकअपचा ताण आमच्या बेताच्या वजनाला बसेल एवढा सैल केला, त्यानेही बसल्यावर गाडी किंचित खाली आली. अशा रीतीने चार ठिकाणांहून थोडे थोडे मिळवून दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. एकाच ठिकाणी सारे मिळविण्याचा हट्ट धरला असता तर गुडघा गेला असता.

शॉकअपविषयी एक पुष्टी जोडतो. बहुतेक गाड्यांत त्यांच्या बुडाशी ताण कमीजास्त करण्याच्या खाचा असतात. गाडी विकत घेतल्यापासून त्या कोणी फिरवीत नाही. एकटा हलका माणूस असेल तर सैल, मागे माणूस आणि सामान असेल तर कडक, एवढे ध्यानात ठेवले तरी पाठीचे अर्धे दुखणे टळते. टायरमधील हवा गार टायरवर, गाडीवरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे भरावी. 'काका, दोन पॉइंट जास्त मारतो' असे म्हणणाऱ्या पोरास नको म्हणावे. जास्त हवेचे टायर प्रत्येक खडा हाडापर्यंत पोचवते.

हँडल आमच्या मापाने दूर होते. त्याखाली ठोकळे बसवून ते दीड इंच वर आणि थोडे मागे घेतले. आता पाठ सरळ राहते आणि कोपर किंचित वाकलेले. हे करताना मिस्त्रीने हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दाखविलेच पाहिजे: इंजिन चालू असता हँडल वळविल्याने त्याचा आवाज वाढता कामा नये, आणि ब्रेकची नळी वा क्लचची तार ताणली जाता कामा नये. आमच्या वेळी तार ताणली होती. ती लांब घालून घ्यावी लागली. क्लचच्या तारेत तेल सोडले, दांडी बोटांच्या जवळ आणली, मुठींवर जाड रबर चढविले. आंगठ्याच्या मुळाशी संधिवात असणाऱ्यास जाड मूठ बरी, कारण ती धरावयास कमी आवळावे लागते. चौकट, इंजिन, चाकांचा आकार ह्यांस मात्र हात लावू नये. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने तसला फेरबदल निषिद्ध आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचे भांडण उभे राहते ते निराळेच.

आता दुसरी अट. हिच्याकडे आम्ही प्रथम दुर्लक्ष केले, आणि खरे मर्म तिच्यातच होते. सौभाग्यवती तीस-पस्तीस वर्षे लुगड्यात वा पातळात एका अंगाने बसत आल्या. आपल्याकडील नियमांप्रमाणे दुचाकीच्या मागच्या चाकास साडीचे जाळीदार संरक्षण असावे लागते, इतकी ही बैठक सार्वत्रिक आहे. परंतु वाचकांनी पाहावे: एका अंगाने बसणारी बाई डावीकडे पाय सोडते, म्हणजे तिचा भार डावीकडे. आपण डाव्या हाताने वाहने चालवितो, म्हणजे थांबावयाचे ते डाव्या कडेला, आणि रस्त्याची कड नेहमी बाहेर उतरती. चालविणाऱ्याचा टेकणारा पाय तोही डावाच. तीन गोष्टी एकाच बाजूला ओढणाऱ्या, आणि त्यांस तोलणारा एक म्हातारा गुडघा. पवनारला आम्ही पडलो ते ह्या गणिताने. आम्ही इतके दिवस नुसत्या मुरमाला दोष देत होतो.

हे सूनबाईंच्या ध्यानात आले, आमच्या नव्हे. त्यांनी सासूबाईंना एक सलवार-कमीज शिवून आणली आणि म्हणाल्या, "आई, प्रवासापुरती." मातोश्री वय ८८, त्यांच्या देखत हे कसे व्हावे म्हणून दोन दिवस घरात कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी मातोश्रींनीच विचारले, "ते घालून पडत नाही ना? मग घाल की." पुढे त्या पिशवीत लुगडे घेऊन निघतात आणि माहुरास गडाच्या पायथ्याशी बदलतात. दोन्ही अंगांना पाय सोडून बसल्याने गाडीचा तोल मध्यावर आला. बैठकीच्या दुरुस्तीने जेवढे साधले नव्हते तेवढे ह्या एका बदलाने साधले.

परंतु पाय टाकून चढावयाचे तर कमरेचा सांधा तितका उघडला पाहिजे. त्यासाठी क्रम ठरविला. आधी चालविणाऱ्याने बसावे, दोन्ही पाय टेकावे, पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि 'या' म्हणावे. मगच मागच्याने डाव्या फूटरेस्टवर पाय देऊन, चालविणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चढावे. खांद्यावर हात ठेवणे हे हात धरणे नव्हे, असा निवाडा सौभाग्यवतींनीच दिला. गाडी साइड स्टँडवर उभी असताना फूटरेस्टवर चढू नये. तो स्टँड तेवढ्या भारासाठी नसतो. मागे उंच पेटी बसविण्याची पद्धत निघाली आहे, ती पाय टाकताना आड येते आणि भार वर नेते. आमचे सामान दोन सपाट पिशव्यांत, बैठकीच्या दोन्ही बाजूंस, शक्य तितके खाली असते. मागच्या माणसास पाठटेकू मात्र अवश्य लावावा. तो लागल्यापासून आमच्या खांद्याला मागून बसणारे चिमटे कमी झाले आहेत.

देहाविषयी फार लिहीत नाही. ते प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावे. तरी दोन-तीन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. चाळीस किलोमीटर अथवा पाऊण तास, जे आधी होईल तेथे उतरून पाच मिनिटे चालावे, गुडघा सांगो अथवा न सांगो. लघुशंकेच्या भीतीने पाणी न पिणे हा आमच्या वयाच्या मंडळींचा मोठा अपराध आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी देहातील पाणी तसेच कमी होते, आणि उतरताना भोवळ येते. हवा अंगाहून अधिक तापली की वारा थंडावा देत नाही, उलट भाजतो. म्हणून चैत्रापासून मृगापर्यंत आमची गाडी शेडमध्ये असते. मोतीबिंदू पिकू लागला की समोरच्या दिव्याभोवती तेजाचे वलय दिसते. ते दिसू लागताच आम्ही रात्रीचा प्रवास सोडला. हेल्मेट आय.एस.आय. छापाचे, पूर्ण डोके झाकणारे, पण वजनाला हलके पाहून घ्यावे, मानेसाठी. वेगाविषयी एवढेच, की ताशी साठ किलोमीटरांनी जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. आमचा पाय ब्रेकपर्यंत पोचावयास पूर्वी जेवढा वेळ लागे त्याहून आता अधिक लागतो, हे पुतण्याने मोजून दाखविले आहे. म्हणून पन्नास. ज्यांना समृद्धी महामार्गाचा मोह होत असेल त्यांस कळविणे जरूर आहे की तेथे दुचाकीस प्रवेशच नाही. ते बरेच आहे.

थांबावे केव्हा, हा प्रश्न राहतो, आणि तो टाळणारा लेख अप्रामाणिक होईल. आमच्या घरी असे ठरले आहे: दर दसऱ्यास, वाहनपूजेच्या आधी, मैदानात तीन गोष्टी करून दाखवावयाच्या. गाडी डबल स्टँडवरून एकट्याने काढून पुन्हा चढविणे. चालत्या माणसाच्या गतीने, पाय न टेकता, दोन दगडांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळण घेणे. वीस पावलांवर उभ्या असलेल्या वाहनाचा क्रमांक वाचणे. परीक्षक पुतण्या, निकाल सौभाग्यवतींचा, आणि त्यावर अपील नाही. गेल्या दसऱ्यास डबल स्टँडवर गाडी चढविताना आमचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यास चढली. सौभाग्यवतींनी हार घातला, परंतु 'एकदा चुकले' असे पंचांगाच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवले आहे.

यंदाच्या माघात माहुरास जाऊन आलो. पूर्वी अंधारात निघत असू. ह्या वेळी उजाडल्यावर सातास निघालो. देवळीला पहिला मुक्काम पाच मिनिटांचा. मग वर्धा नदी ओलांडून कळंबला चिंतामणीचे दर्शन, यवतमाळला फराळ, आर्णीला चहा, आणि धनोड्यास पैनगंगेच्या अलीकडे पुन्हा थांबलो. तेथे कड तशीच उतरती होती. दोन्ही टाचा टेकल्या, ब्रेक धरला, मागून खांद्यावरचा हात उचलला गेला, आणि त्या उतरून पाण्याची बाटली काढू लागल्यादेखील. तरुणपणी जो रस्ता आम्ही साडेतीन तासांत कापीत असू त्याला साडेसहा तास लागले.

गडाच्या पायऱ्यांना मात्र फोम लावता येत नाही. निम्म्या वाटेवर आम्ही कठड्याला टेकून बसलो. सौभाग्यवती नऊवारीचा काच आवरीत पुढे गेल्या. कमरेच्या जुडग्यात गाडीची किल्ली होती. ती वाजत वर वर जाताना बराच वेळ ऐकू येत होती.